पिंपातलं पाणी कुठे गेलं?

१

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत सावळारामशेठचं वर्कशॉप आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक पडवी होती. होती म्हणायचं, कारण सोमवारी सकाळी सव्वाआठला तिचं छप्पर उडालं. एक पत्रा शेजारच्या खाचरात, कापणीला आलेल्या भातावर जाऊन पडला. तिथे काम करणाऱ्या पोश्या मुकणेचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

मंगळवारी सकाळी रंजिता देसले तिथे पोचली, तेव्हा शेठने तिच्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला.

"ताई, तपासाचं काय राह्यलंच नाय. त्यानेच कबूल केलंय."

रंजिता आसनगावची. शहापूर-मुरबाडकडच्या अकरा लहान कारखान्यांना सुरक्षेचा सल्ला देणं हे तिचं काम. स्कूटरवरून किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने ती फिरायची, चुका काढायची, भिंतीवर कागद चिकटवायची. कारखानदार तिला पाठीमागे 'टोचणी' म्हणत. हे तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

तिने कागद वाचला. 'पिंपातली भुकटी वाफेवर होती. मीच हात घातला. चूक माझी आहे.' खाली लिहिलं होतं, 'हात भाजल्यामुळे सही नाही.'

"पाच वाजेपर्यंत कारखाना निरीक्षकांना अहवाल पाठवायचाय," शेठ म्हणाला. "एक प्रत पोलिसांना. पोश्यावर गुन्हा दाखल होईल, दुसरं काय? मला आनंद नाय होत, ताई. पण भुकटी शेकायला ठेवली त्याने, त्याला मी काय करू?"

गणपतीनंतर या वर्कशॉपला झिर्कोनियमचं काम मिळालं होतं. आम्ल पोलाद खाऊन टाकतं तिथे हा धातू वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून रसायनांच्या कारखान्यांना त्याचे व्हॉल्व्ह लागतात. अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्याही त्याच्याच असतात. त्याचा ठोकळा हातात घ्या, आपटा, काही करा, शहाण्यासारखा वागतो. पण घासताना त्याची जी काळसर भुकटी पडते, ती ठिणगीची वाटच बघत असते. म्हणून ती गोळा करून पिंपात ठेवायची आणि वर वीतभर पाणी राखायचं. रंजितानेच तो नियम लिहून आतल्या भिंतीवर लावला होता.

तिने पडवीत नजर फिरवली. सगळीकडे पांढरी राख साचली होती, झिर्कोनियम जळून झालेली. कोपऱ्यात गॅसची जुनी शेगडी होती.

"वाफ ह्याच्यावरच केली असणार," शेठ म्हणाला.

रंजिता वाकली. बर्नरच्या भोकांवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. ते घर अख्खं होतं. ही शेगडी महिनाभर तरी कुणी पेटवलेली नव्हती.

मग वाफ आली कुठून?

२

सुपरवायझर साईनाथ गोजर बोलायला बसला तो घड्याळाकडे बघतच.

"उद्या ग्राहकाची माणसं पाहणीला येणार व्हती, ताई. आता कसली येतात! मी आठ दिवस सांगत व्हतो, ते पिंप मागं नको, ओल दिसते, वंगाळ वाटतं."

"म्हणजे पिंप तुम्हाला नको होतं."

साईनाथ चपापला. "नको व्हतं म्हंजे... हलवायचं व्हतं. मी हात नाय लावला. शनवारी साडेबाराला मशीन बंद केली आणि प्रज्वलला मागं बसवून आसनगाव गाठलं. रविवारी गेटाला कुलूप. विचारा त्याला."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी मी गेटावर. पांढरा लखलखाट झाला, बघवेना. मग बार उडाला."

ऑपरेटर प्रज्वल तेविसेक वर्षांचा. त्याच्या भुवया करपल्या होत्या आणि त्याचं बोलणं थांबत नव्हतं.

"मॅडम, पोश्यादादा ओरडला म्हणून मी पळालो. आग दिसली. बादली घेतली तर रिकामी. दुसरी पालथी. टाकी कोरडी. अख्ख्या आवारात थेंब नाही! शेवटी नळाखाली भरली आणि फेकली."

"पाणी फेकलंस?"

पेटलेलं झिर्कोनियम पाणी फोडतं, त्यातून हायड्रोजन निघतो आणि मग जे होतं ते छपराला विचारावं. हे सप्टेंबरच्या बैठकीत रंजिताने त्याला समोर बसवून सांगितलं होतं.

"टाइमच नव्हता मॅडम विचार करायला," तो खाली बघत म्हणाला. "दादा ओरडत होता, पाणी नको, मीठ आण. मला वाटलं भाजल्यामुळे बरळतोय. मग त्यानेच त्या तसल्या हातांनी मिठाची गोणी फाडली आणि ओतली. तेव्हा विझली."

कोरड्या मिठाच्या दोन गोण्या प्लॅस्टिकमध्ये बांधून तिथे ठेवायला रंजितानेच लावलं होतं. त्या दिवशी साईनाथने विचारलं होतं, आमटी किती माणसांची करायची? सगळे हसले होते. पोश्या हसला नव्हता, हे तिला आता आठवलं.

ज्याला हात भाजत असताना मीठ आठवलं, तो माणूस ही भुकटी शेकायला ठेवेल? तिला ते पटेना. तिने स्कूटरला किल्ली लावली. ज्याचा जबाब होता, त्याच्या तोंडून तो अजून कुणी नीट ऐकलाच नव्हता.

३

दवाखान्यात पोश्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये गुंडाळून उशांवर ठेवले होते. त्याची बायको बायडी पायथ्याशी उभी होती. तीही वर्कशॉपच्या आवाराची झाडलोट करायची, ठेकेदाराकडून. दोघं वैशाखऱ्याजवळच्या वाडीतले. रंजिताला बघून बायडी बाहेर गेली.

"पोश्या, वाफेवर कशाला ठेवलीस भुकटी?"

"वाफंवर?" त्याने डोळे उघडले. "आमी कशाला ठेवू वाफंवर? मी म्हनलं, भुकटी वाफशावर व्हती."

रंजिताला पूजा आठवली. जबाब टाइप करणारी ऑफिसातली पोरगी, डोंबिवलीत वाढलेली, सोमवारी अँब्युलन्सच्या दारात उभी राहून कण्हणाऱ्या माणसाचं बोलणं लिहून घेणारी. वाफसा हा शब्द तिच्या कानावर कधी पडला असणार? तिने तिला ठाऊक असलेला शब्द लिहिला, आणि त्या एका शब्दावर एक माणूस आरोपी होणार होता.

वाफसा म्हणजे पावसानंतर शेताची ती अवस्था, जेव्हा माती चिखलही नसते आणि कोरडीही नसते. मुठीत दाबली तर लाडू होतो, टाकला तर फुटतो. पेरणीला तो वाफसा सोन्यासारखा. आणि झिर्कोनियमच्या भुकटीला? पाण्यात बुडालेली भुकटी निवांत असते. अगदी कोरडी धोक्याची. पण जेमतेम ओलसर भुकटी सगळ्यांत वाईट, कारण ती पेटली की तिच्यातलंच पाणी आगीला खतपाणी घालतं.

"म्हणजे वरचं पाणी नव्हतं?"

"थेंब नाय. झाकन उघडाया गेलो तर कडंला भुकटी चिकटून घट झालेलं, फटीतनं आत दिसलं. म्हनलं लगीच पानी घालू. जोर लावला, पत्र्याला पत्रा घासला आनि लखकन झालं."

"पाणी कुणी काढलं?"

पोश्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "चूक माजी हाय, ताई. कागदावर लिवलंय तसंच राहू द्या."

"वाफेवर ठेवली, हेसुद्धा राहू देऊ?"

"ते पन राहू द्या."

जबाब खोटा लिहिला गेलाय हे कळूनही माणूस तो बदलू देत नव्हता. कुणासाठी?

४

दीड वाजला होता. रंजिता परत आली ती थेट आवारात गेली आणि पहिल्यांदाच तिने आगीची जागा सोडून बाकी सगळं बघितलं.

बादल्या पालथ्या. कूलरची टाकी काढून उन्हात तिरकी टेकवलेली. जुन्या टायरला खालून भोक पाडलेलं. कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा उपड्या. पडवीच्या मागे गटाराकडे जाणारा एक काळसर ओघळ वाळला होता, आणि कुंपणाच्या तारेवर जुन्या लुगड्याचा एक तुकडा वाळत होता. मधोमध करडा गोल डाग.

"हात लावू नका!" ती साईनाथवर ओरडली. मग स्वतःच लांब काठीने तो तुकडा अलगद उचलून पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवला. त्या डागात वाळलेली भुकटी होती, आणि जवळच कुणीतरी वेल्डिंगचं सामान मांडून ठेवलं होतं.

ती पायरीवर बसून विचार करू लागली. पिंपाच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळून सांडलं होतं, म्हणजे भुकटीचा कणही वाया जाऊ नये याची काळजी घेतली होती. चोर असा वागत नाही. घातपात करणाराही नाही. हे काम कुणा मन लावून काम करणाऱ्याचं होतं.

पण कधी? तिने प्रज्वलला हाक मारली.

"शुक्रवारी पिंपात पाणी होतं?"

"होतं मॅडम. मीच शेवटची भुकटी टाकली."

"शनिवारी?"

प्रज्वल मान खाजवू लागला. पाच मिनिटं त्याने टाळाटाळ केली, मग मुकाट्याने मोबाइल काढला. शनिवारी दुपारी त्याने पडवीत उभं राहून पिंपाच्या कडेची वाळलेली चिमूटभर भुकटी दगडावर घासली होती आणि पांढऱ्या ठिणग्यांचा व्हिडिओ केला होता. पिंपापासून चार हातांवर!

"तुझ्या भुवयाच करपल्या म्हणून वाचलास," ती म्हणाली. राग गिळायला तिला जरा वेळ लागला. मग तिने व्हिडिओ पुन्हा लावला. वेळ बारा वीस. मागे उघडं पिंप, त्यात पाण्यावर उन्हाचा कवडसा हलत होता. शेजारी बादल्यांची रांग, सगळ्या उताण्या.

"साडेबाराला तुम्ही दोघं एका गाडीवर गेलात. पोश्या?"

"त्याला बाराच्या आत सरळगावला पाठवला व्हता, पार्ट पोचवाया," साईनाथ म्हणाला. "तिकडूनच घरी गेला."

"पूजाला शनिवारी सुट्टी. शेठ?"

"शेठ नाशकाला, लग्नाला."

"मग साडेबारानंतर आवारात कोण होतं?"

प्रज्वलने भिंतीला टेकलेल्या खराट्याकडे पाहिलं. जिचं नाव घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं, ती रोज इथेच असायची.

५

दवाखान्याच्या मागच्या कट्ट्यावर बायडी बसली होती. रंजिता तिच्या शेजारी बसली. काही विचारायची गरज पडली नाही.

"मीच सांडलं पानी," बायडी म्हणाली. "मी सोमवारपासून सांगते याला, मला सांगू दे. तर म्हनतो, तू गप ऱ्हा, तुला आत टाकतील, पोरीकडं कोन बघील?"

"पण का सांडलंस गो?"

"शनवार व्हता ना! कोरडा दिवस."

डेंग्यूच्या डासांची पैदास मोडायला गावोगाव पाळतात तो कोरडा दिवस. आठवड्यातून एकदा घरातलं, आवारातलं साठलेलं पाणी काढून टाकायचं. रंजिताला एकदम सगळी पालथी भांडी डोळ्यांपुढे दिसली.

"आवारात पाळायचा असं तुला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? गेटाच्या आत कागद लावलाय. मी सातवी शिकलेय, ताई. बाकीचे बघत पन नायत त्या कागदाकडं. मी दर शनवारी पाळते."

"दर शनिवारी? मग पिंप आधी का नाही सांडलंस?"

"आदी त्याला झाकन बसवलेलं असायचं. ह्या शनवारी उघडं दिसलं आनि पान्यावर डास बसत व्हते." प्रज्वलने व्हिडिओच्या नादात झाकण तसंच ठेवलं होतं. "माज्या पोरीला पावसाळ्यात डेंग्यू झाला व्हता. सोडू कशी?"

"आत भिंतीवर लिहिलंय, भुकटी पाण्याखाली ठेवायची."

"मशीनवर मला जाऊ देत नायत. तुमची मीटिंग झाली तवा पन मी भायेर झाडत व्हते. ती कामगारांची व्हती. मी झाडूवाली." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच रंजिताला ते जास्त लागलं. "ह्यो घरी बोलला व्हता, ती भुकटी वली ठेवतात. म्हून फडकं बांधून सांडलं आनि झाकन दाबून बसवलं. वली ठेवली मी, ताई. चांगली वाफशावर ठेवली."

शेतावर वाढलेल्या बाईने ओलं म्हणजे जे समजायचं, तेच समजलं होतं. रंजिताने आपल्या नियमात पाण्याखाली लिहिलं होतं, पण बैठकीत बोलताना काय म्हणाली होती? 'ओली ठेवा,' असंच म्हणाली होती. चारदा तरी.

ती वर्कशॉपवर परतली. साडेतीन. गेटाच्या आत, पाण्याच्या नळावर तो कागद होता. आरोग्य केंद्राचा मजकूर छापलेला, आणि खाली निळ्या पेनाने ठसठशीत अक्षरात एक ओळ वाढवलेली: 'आवारातलं एकही पिंप सोडू नये.'

त्याखाली सही होती. र. देसले.

६

जुलैत इथले दोन कामगार तापाने पडले, तेव्हा तिने तो कागद लावला होता. झिर्कोनियमचं काम आलं सप्टेंबरात. मग तिने आत दुसरा कागद लावला. एक कागद म्हणत होता पाणी काढा, दुसरा म्हणत होता पाणी राखा, आणि दोन्हींवर सही एकाच बाईची. ज्या बाईची ख्याती दुसऱ्यांच्या चुका काढण्याची.

तिने शेठला, साईनाथला आणि पूजाला ऑफिसात बसवून सगळं सांगितलं. शेगडी, वाफसा, व्हिडिओ, फडकं, कोरडा दिवस. पूजा रडायलाच लागली.

"मला खरंच तसंच ऐकू आलं होतं, ताई."

"तू ऐकलंस ते लिहिलंस. खात्री करायला दवाखान्यात कुणी गेलं नाही, ही चूक तुझ्या एकटीची नाही."

साईनाथ उठला, बाहेर गेला आणि हातात तो कागद घेऊनच आला. चिकटपट्टीसकट.

"हे एवढंच हाय ना?" त्याने कागदाची घडी घातली. "ताई, तुमी आमच्यासाठी पुष्कळ केलंय. पिंप गळकं व्हतं असं लिहू. बायडीचं नाव नको, तुमचं पन नको."

"पिंपाच्या फुटून चिंध्या झाल्यात, कोण बघतंय," शेठ पुटपुटला. "अकरा कारखाने आहेत तुमच्याकडं, ताई. ह्यातलं एक अक्षर भायेर गेलं तर एक पन राहनार नाय."

ते खरं होतं. रंजिताला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षांत तिने हे नाव कमावलं होतं. आणि गळक्या पिंपाने कुणाचं काय बिघडणार होतं?

"पिंप गळकं होतं असं लिहिलं," ती सावकाश म्हणाली, "तर निरीक्षक विचारतील, गळकं पिंप रोज कोण हाताळत होतं? पोश्या. पाणी कमी झालेलं त्याला दिसलं नाही का? म्हणजे पुन्हा तोच. कसंही फिरवा साईनाथ, शेवटी त्याच्याच दारात येतं. द्या तो कागद इकडे."

साईनाथने तो दिला.

"पूजा, लिही. पाणी ओतलं, कारण आवारात तशी लेखी सूचना होती. सूचना देणारी व्यक्ती, सुरक्षा सल्लागार रंजिता देसले. झाडलोट करणाऱ्या बाईंना प्रशिक्षणाला न बोलावणारी व्यक्ती तीच. आगीवर पाणी मारल्याने स्फोट झाला. कोरड्या मिठाने आग विझवणारे, पोश्या मुकणे. आग विझवण्याचं योग्य ज्ञान त्या वेळी जागेवर फक्त त्यांनी वापरलं. हे शेवटचं वाक्य ठळक कर."

पूजाने टाइप केलं. पाचला दहा कमी असताना शेठने सही केली. खुशीने नव्हे, पण केली. जुना जबाब रंजिताने आडवी रेघ मारून खोडला आणि त्यासोबतच जोडला.

सहा वाजता ती दवाखान्यात अहवालाची प्रत घेऊन उभी होती. तिने ती दोघांना वाचून दाखवली. पोश्याने डोळे मिटले आणि पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल पडले.

"चूक माझी होती, बायडी," रंजिता म्हणाली. "तू कागदात लिहिलं होतं तेच केलंस. मला माफ कर, असं म्हणायलाही मला जड जातंय."

बायडी खाटेकडे वळली. तिने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला, पदर पुन्हा खोचला. मग तिने विचारलं,

"ताई, तुमच्या बाकीच्या कंपन्यांत पन असा कागद लावलाय का?"

रंजिताने मनात एकेक कारखाना आठवला. जुलैत तिने तो कागद सगळीकडे लावला होता. शहापूरच्या एका शेडमध्ये मॅग्नेशियम घासायचं काम होतं. आसनगावजवळ एकाकडे टायटॅनियमचं. या भुकट्याही अशाच पेटणाऱ्या. आणि आवार झाडणारी बाई प्रत्येक ठिकाणी होती.

"लावलाय," ती म्हणाली.

"मंग आमच्याकडं काय बघत बसलाव? शनवार यायच्या आदी लावा फोन."

रंजिताने तिथेच, दोन खाटांच्या मधल्या जागेत उभं राहून पहिला नंबर लावला.

"हॅलो, देसले बोलतेय. तुमच्याकडे आवार झाडायला कोण येतं? नाव काय त्यांचं? नाही, तुम्हाला नाही सांगायचं काही. त्यांना फोनवर बोलवा. हो, मी थांबते."